स्टेटसमध्ये दिसणारे आणि न दिसणारे मन

आमच्या विहाराच्या वरच्या मजल्यावर समितीची अभ्यासिका आहे. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत ती उघडी असते. तेथे येणाऱ्या मुलामुलींचे फोन नंबर हजेरीवहीत असतात. देखरेखीचे काम आमच्याकडे असल्याने ते आमच्या फोनमध्येही असतात, आणि त्यामुळे रात्रीच्या जेवणानंतर या मुलांचे व्हॉट्सअॅप स्टेटस एकामागून एक पाहण्याची सवय आम्हाला लागली आहे. वयाला शोभणारी सवय नव्हे हे कबूल. पण या लेखाचा विषय तिच्यातूनच निघाला.

मागील वर्षीची गोष्ट. अभ्यासिकेतील एक मुलगी रोज रात्री उदास शेर, पावसातली खिडकी, कोमेजलेले फूल असे काहीबाही स्टेटसला ठेवीत असे. महिला मंडळातील दोघी भगिनींना काळजी वाटली. त्यांनी आम्हाला सांगितले, आम्ही तिच्या आईला सांगितले. आईने तिचा फोन काढून घेतला, आणि मुलगी आठ दिवस अभ्यासिकेत आली नाही. नंतर कळले ते एवढेच, की तिला गझल आवडते. बाकी तिचे उत्तम चालले होते. त्याच काळात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा रोज विनोद, मित्रांबरोबरचा चहा, गडावरचे फोटो टाकीत असे. त्याचे स्टेटस पाहून आम्हीही हसत होतो. तिसऱ्यांदा थोडक्या गुणांनी त्याची निवड हुकली होती, ते त्याने घरी कळविलेच नव्हते. मेसचे पैसे थकल्याने तो कित्येक दिवस रात्री उपाशी झोपत होता, आणि झोपत होता म्हणणेही बरोबर नाही, कारण झोप त्याला लागतच नव्हती. हे आम्हाला कळले ते स्टेटसवरून नव्हे. मेस चालविणाऱ्या बाईंनी आमच्या खजिनदारांना सहज विचारले की तो पोरगा हल्ली येत का नाही, तेव्हा.

म्हणजे दोन मुलांचे स्टेटस आम्ही वाचले, आणि दोन्ही चुकीचे वाचले. माणूस समाजमाध्यमावर जे लिहितो, टाकतो, पुढे पाठवितो, त्यावरून त्याच्या मनाचे खरोखर काही कळते काय? गेली पंधरा-वीस वर्षे जगभरचे मानसशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञ या प्रश्नामागे लागले आहेत. त्यांना काय सापडले आणि त्यातले आपल्याला किती लागू पडते, ते सभासदांपुढे व विशेषतः विद्यार्थ्यांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचे मत असे असते की फेसबुक म्हणजे सगळा देखावा. लोक चांगले कपडे घालून फोटो काढतात, भांडण झाल्यावर त्याच संध्याकाळी जोडीने हसत उभे राहतात. अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५६ मध्येच लिहून ठेवले होते की माणूस चारचौघांत वावरतो तो रंगमंचावरील नटासारखा, आणि पडद्यामागे तो वेगळा असतो. तेव्हा फेसबुक नव्हते, पण लग्नाचा मांडव होताच. तरीही २०१० साली एका अभ्यासाने या समजुतीला धक्का दिला. अमेरिका व जर्मनीतील २३६ तरुणांची समाजमाध्यमांवरील पाने अनोळखी लोकांना दाखविण्यात आली आणि हा माणूस कसा असेल ते सांगा, असे विचारले गेले. त्या तरुणांचा खरा स्वभाव चाचण्या घेऊन व त्यांच्या जवळच्या माणसांना विचारून आधीच नोंदलेला होता. त्यांना स्वतः कसे असावेसे वाटते, तेही विचारून ठेवले होते. अनोळखी लोकांचे अंदाज जुळले ते खऱ्या स्वभावाशी. मनातल्या आदर्श प्रतिमेशी ते तितकेसे जुळले नाहीत. माणूस बोलका आहे की अबोल, नवे काही शिकण्याची त्याला हौस आहे की नाही, हे पानावरून बऱ्यापैकी कळत होते. एकच गोष्ट सर्वांत कमी कळत होती. ती म्हणजे मनाची अस्वस्थता, भीती, आतली घालमेल. आमच्या गडावर जाणाऱ्या मुलाचे नेमके तेच झाले. तो गप्पिष्ट आहे, मित्रांत रमणारा आहे, हे आम्ही बरोबर ओळखले होते. तेवढ्यावरून तो सुखात आहे असे मात्र परस्पर ठरवून टाकले.

मग ही घालमेल ओळखायची कशी? संशोधक शब्दांकडे वळले. टेक्सास विद्यापीठातील जेम्स पेनेबेकर यांनी या बाबतीत बरेच काम केले आहे. त्यांचे म्हणणे असे, की माणूस कशाविषयी लिहितो यापेक्षा तो कोणते बारीकसारीक शब्द वापरतो, तिकडे पाहावे. मोठे शब्द आपण विचार करून निवडतो. 'मी', 'आम्ही', 'पण', 'कधीच', 'नेहमी' असले शब्द हातून आपोआप पडतात. २००४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना कॉलेजजीवनाविषयी निबंध लिहावयास सांगितले होते. ज्यांना त्या वेळी नैराश्य होते त्यांच्या निबंधांत दुःखाचे शब्द जास्त निघाले, हे ओघानेच आले. पण 'मी' हा शब्दही जास्त वेळा आला होता. वेदना होत असताना माणसाचे लक्ष दुखऱ्या जागेवर खिळते. दाढ दुखत असली की दुसरे काही सुचत नाही, तसाच हा प्रकार आहे.

यापुढचे पाऊल २०१८ मध्ये पडले. अमेरिकेतील एका मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या ६८३ रुग्णांनी आपले फेसबुकवरील लिखाण व आपली वैद्यकीय नोंद अशा दोन्ही गोष्टी संशोधकांना पाहू दिल्या. त्यांपैकी ११४ जणांच्या नोंदीत नैराश्याचे निदान होते. संशोधकांनी निदानाच्या आधीचेच लिखाण घेतले आणि संगणकाला शब्द मोजावयास लावले. निदान होण्यापूर्वीच्या काही महिन्यांतील लिखाणावरून संगणकाला बराचसा अंदाज करता आला. एकटेपणाचे शब्द, रडण्याचे शब्द, राग, डोकेदुखी व दवाखान्याचे उल्लेख, आणि पुन्हा तोच 'मी', यांची बेरीज त्याने केली होती. प्रश्नावली भरून घेऊन नैराश्य हुडकण्याची जी पद्धत दवाखान्यांत आहे, तिच्या आसपासच हा अंदाज जाऊन पोहोचला. याच सुमारास दुसऱ्या दोघा संशोधकांनी इन्स्टाग्रामवरील १६६ जणांचे ४३,९५० फोटो तपासले. नैराश्य असलेल्यांचे फोटो अधिक निळसर, करडे व काळपट निघाले. (आता निळ्या रंगाचे म्हणाल, तर १४ एप्रिलला आपल्या सर्वांचेच फोन निळे असतात. त्या यंत्रापुढे त्या दिवशी आपली वस्ती ठेवली, तर ते काय निदान करील कोण जाणे!)

हा विनोद वाटला तरी खरी अडचण येथेच सुरू होते. माप कोणाच्या अंगावरून घेतले आणि ते घातले कोणाला?

मराठीचेच पाहा. इंग्रजीत 'मी' वगळून वाक्य सहसा होत नाही. मराठीत 'आलो', 'जेवले', 'झोपतो आता' एवढ्यावर काम भागते. बोलणारा कोण, पुरुष की स्त्री, सारे क्रियापदातच आले. शिवाय दुःख सांगताना आपण 'मी' म्हणतच नाही. आपल्याला दुःख 'होते', कंटाळा 'येतो', भीती 'वाटते'. तेथे 'मी' नसून 'मला' असते, आणि तेही पुष्कळदा गळते. 'करमत नाही' या दोन शब्दांत तर कर्ताच नाही. गावाकडून शहरात शिकावयास आलेला मुलगा पहिल्या महिन्यात हे दोन शब्द किती वेळा म्हणतो, ते वसतिगृहात राहिलेल्यांना आठवत असेल. 'जीव लागत नाही', 'डोके जड झाले', 'पोटात कालवते', 'अंगात त्राण नाही' अशा बोलण्यात मन कोठे संपते आणि शरीर कोठे सुरू होते, ते वेगळे काढता येत नाही. आमच्या आईच्या पिढीतील बाया मनाचे दुखणे पाठीच्या व गुडघ्याच्या दुखण्यातच सांगत आणि डॉक्टर त्यांना ताकदीच्या गोळ्या देत. त्यातच आजची मुले मराठी लिहितात ती रोमन अक्षरांत, अर्धी हिंदी मिसळून, आणि प्रत्येकाचे स्पेलिंग वेगळे. 'मी' मोजणारे यंत्र येथे काय मोजणार? प्रस्तुत लेखातही सुरुवातीपासून 'आम्ही'च आहे. यंत्राच्या हिशेबाने आमचे मन अगदी ठणठणीत ठरेल. घरच्यांचे मत विचारू नये.

ही केवळ आमची शंका नव्हे. २०२४ साली अमेरिकेतच याचा शोध घेण्यात आला. ८६८ माणसे घेतली. त्यांत कृष्णवर्णीय व गोरे सारख्याच संख्येने होते, आणि वय व स्त्री-पुरुष हेही दोन्हीकडे जुळवून घेतले होते. प्रत्येकाच्या नैराश्याची तीव्रता प्रश्नावलीवरून काढली व ती फेसबुकवरील भाषेशी ताडून पाहिली. 'मी' या शब्दाचा आणि नैराश्याचा संबंध निघाला तो फक्त गोऱ्यांमध्ये. कृष्णवर्णीयांमध्ये तो निघालाच नाही. गोऱ्यांच्या बाबतीत बऱ्यापैकी चालणारा अंदाज कृष्णवर्णीयांच्या बाबतीत तिपटीहून अधिक दुबळा ठरला. संशोधकांना आणखी एका गोष्टीचे नवल वाटले. यंत्राला फक्त कृष्णवर्णीयांचेच लिखाण शिकवून पाहिले, तरीही फारसा फरक पडला नाही. याची कारणे अनेक असू शकतील. आम्हाला आपल्या अनुभवावरून जे सुचते ते असे, की पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचे दुःख चारचौघांत हसण्यावारी नेले गेले, ते लोक आपले दुःख चारचौघांत मांडत नाहीत. ते मांडण्याची त्यांची जागा वेगळी असते.

येथवर पाहिले ते लिहिलेल्या शब्दांविषयी. परंतु लिहिण्यापेक्षा जास्त बोलते ते बोट. कशावर 'लाईक' दाबले, एवढ्यावरून माणूस किती ओळखता येतो, याचा अभ्यास केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. ५८,४६६ अमेरिकन स्वयंसेवकांचे लाईक त्यांनी तपासले. एक गोरा व एक कृष्णवर्णीय अशी जोडी यंत्रापुढे ठेवली, तर कोण कोणता ते यंत्र १०० पैकी ९५ वेळा बरोबर सांगे. राजकीय पक्षाच्या बाबतीत ८५ वेळा. समलैंगिक पुरुष कोण, हे जोडीतून ८८ वेळा. आता समलैंगिक असलेल्यांनी तशा उघड नावाची पाने लाईक केली असतील म्हणावे, तर तसेही नव्हते. अशांचे प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी होते. बाकीचे ओळखले गेले ते गाणी, मालिका, खाण्याचे पदार्थ असल्या साध्या गोष्टींवरून. पुढे २०१५ मध्ये ८६,२२० जणांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की दहा लाईकवरून यंत्र माणसाचा स्वभाव त्याच्या कचेरीतील सहकाऱ्यापेक्षा बरा सांगते, सत्तरवरून मित्रापेक्षा, दीडशेवरून घरच्या माणसापेक्षा, आणि तीनशे झाले की नवरा किंवा बायकोइतका. हा शेवटचा आकडा आम्ही घरी वाचून दाखविला. त्यावर आलेली प्रतिक्रिया येथे देत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांनी या २०१३ च्या अभ्यासाकडे लक्ष द्यावे, याचे कारण वेगळे आहे. पुण्या-मुंबईत खोली घेताना आडनाव विचारले जाते. नाव सांगितल्यावर 'कळवितो' म्हणणारे घरमालक सर्वांना ठाऊक आहेत. म्हणून आपली काही मुले फेसबुकवर आडनावच लिहीत नाहीत. वडिलांचे नाव लावतात किंवा इंग्रजी आद्याक्षर ठेवतात. व्हॉट्सअॅपवर २०१७ पासून स्टेटस आले. ते चोवीस तासांनी जाते, आणि ते कोणाला दिसावे व कोणाला दिसू नये, हे ठरविण्याची सोय त्यात आहे. १४ एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, ६ डिसेंबरला किती जण ऑफिसातील माणसे वगळून बाबासाहेबांचा फोटो ठेवतात, ते त्यांचे त्यांनाच माहीत. एका बँकेत काम करणारे आमचे एक स्नेही अशी यादी बाळगून आहेत. ती दाखवीत ते म्हणाले, "हे बावीस जण. यांच्यासाठी मी त्या दिवशी गप्प असतो." त्यांच्या मनाचे जे काही होते ते स्टेटसमध्ये नव्हते, त्या बावीस नावांत होते. आता यंत्राचा विचार करा. आडनाव झाकले, फोटो झाकला, पण भीमगीताचा एक व्हिडिओ शेवटपर्यंत ऐकला, चैत्यभूमीच्या एका पानावर अंगठा दाबला. जे बावीस जणांपासून लपविले ते कंपनीच्या यंत्रापासून लपत नाही. अमेरिकन संशोधकांनी जात मोजलेली नाही. पण ज्या रीतीने त्यांनी बाकीचे ओळखले, ती रीत येथे चालू नये असे काही नाही.

हे झाकणे आणि ते एके दिवशी उघडे करणे, याचे एक उदाहरण सर्वश्रुत आहे. यशिका दत्त या पत्रकार अनेक वर्षे आपली जात लपवून राहिल्या होत्या. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी फेसबुकवर एक टिपण लिहून आपण दलित असल्याचे जाहीर केले. पुढे २०१९ मध्ये त्यांचे त्यावरील इंग्रजी पुस्तकही निघाले. हे टिपण लिहिण्यास निमित्त झाले ते रोहित वेमुला यांच्या मृत्यूचे. हैदराबाद विद्यापीठातील या संशोधक विद्यार्थ्याचे १७ जानेवारी २०१६ रोजी निधन झाले. त्यापूर्वी त्यांच्यासह पाच जणांना वसतिगृहातून बाहेर काढले होते आणि त्यांची शिष्यवृत्तीची रक्कमही थांबलेली होती. त्यांच्या आई व भाऊ यांनी त्याच वर्षी १४ एप्रिलला मुंबईत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, हे सभासदांना आठवत असेल. रोहित फेसबुकवर नियमित लिहीत. ते लिखाण त्यांच्या पश्चात पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आहे. त्यात जात आहे, राजकारण आहे, विद्यापीठातील चळवळ आहे. एकाकीपणाचे शब्द मोजणाऱ्या यंत्राला त्यात काय सापडले असते, याचा विचार आम्ही पुष्कळ केला. समजा सापडलेही असते. तरी पुढे काय? यंत्र म्हणाले असते, या विद्यार्थ्याच्या मनाला मदत हवी. वसतिगृहाच्या खोलीची किल्ली परत द्या, असे ते म्हणाले नसते. मन मोजणारी साधने दुखण्याचे कारणही मनातच शोधतात, हा त्यांचा मोठा दोष आम्हाला वाटतो. आमच्या अभ्यासिकेतील मुलाच्या बाबतीतही निम्मे दुखणे मेसच्या थकलेल्या बिलात होते.

या सर्व माहितीचा उपयोग बाहेर कोण करून घेतो, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. मार्च २०१८ मध्ये केंब्रिज अॅनॅलिटिका प्रकरण उघडकीस आले. स्वभाव सांगणाऱ्या एका प्रश्नावलीच्या निमित्ताने, ती भरणाऱ्यांची आणि त्यांच्या मित्रांचीही माहिती गोळा करून राजकीय प्रचाराच्या कामासाठी देण्यात आली होती. फेसबुकने स्वतः मान्य केलेला आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंतचा आहे. भारतात ती प्रश्नावली फक्त ३३५ जणांनी घेतली होती, पण मित्रांमुळे सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीयांची माहिती त्यात गेली असावी, असे फेसबुकने तेव्हा सांगितले. कायद्याचे म्हणाल तर २०२३ साली आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला आहे. परंतु त्यात एक मेख आहे. जी माहिती माणसाने आपण होऊन जाहीर केली, तिला हा कायदा लागू नाही, आणि समाजमाध्यमावर आपली मते लिहिणारी व्यक्ती हेच उदाहरण कायद्यात दिलेले आहे. तेव्हा 'सर्वांसाठी खुले' असे ठेवून लिहिताना विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आकड्यांविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण वर्तमानपत्रांत असल्या बातम्या 'यंत्र ओळखणार तुमचे नैराश्य' अशा मथळ्याने येतात. वर दिलेले ८८ किंवा ९५ हे आकडे जोडीतून एक ओळखण्याचे आहेत. गर्दीतून एक ओळखणे वेगळे. हिशेब सोपा आहे. समजा एका वस्तीत १,००० माणसे आहेत आणि त्यांतील १०० जणांना नैराश्य आहे. समजा यंत्र दुखणे असलेल्या दहांपैकी सातांना ओळखते आणि नसलेल्या दहांपैकी सातांना बरोबर सोडून देते. मग १०० पैकी ७० सापडले, हे चांगले झाले. पण उरलेल्या ९०० पैकी २७० जणांवर उगाच बोट ठेवले गेले. एकूण ३४० जणांवर शिक्का बसला, आणि त्यांत खरे फक्त ७०. म्हणजे पाचांत एक. बाकीच्या चौघांची अवस्था आमच्या गझलवाल्या मुलीसारखी होणार. फोन गेला, अभ्यास बुडाला, वर वस्तीत चर्चा. आणि जे ३० निसटले, त्यांत गडावरचे फोटो टाकणारा तो मुलगा असणार.

राहता राहिला फॉरवर्डचा प्रश्न. आपल्या वयाची मंडळी स्वतःचे असे फार थोडे लिहितात. सकाळी सुविचार, दुपारी औषधाचा उपाय, रात्री राजकारण, सारे कोणाकडून तरी आलेले. यावरून मनाचे काय कळणार असे वाटते, पण काही कळते. एकच गोष्ट माणूस पुन्हा पुन्हा पुढे ढकलू लागला की आम्ही कान टवकारतो. आमच्या एका जुन्या सभासदांनी पत्नीच्या निधनानंतर वर्षभर मुलांनी आईवडिलांना विसरू नये, अशा अर्थाचे संदेश पाठविले. लिहिले कोणी तरी भलत्यानेच होते, पण निवडले त्यांनी. तरी येथेही सावध असावे लागते. फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये ६,८९,००३ लोकांवर त्यांच्या नकळत एक प्रयोग केला होता. आठवडाभर काहींना आनंदाच्या पोस्ट कमी दाखविल्या, काहींना दुःखाच्या कमी दाखविल्या. ज्यांना आनंदाचे कमी दिसले त्यांच्या स्वतःच्या लिखाणातही आनंदाचे शब्द किंचित घटले. परिणाम अगदी बारीक होता, आणि २०१४ मध्ये प्रयोग प्रसिद्ध होताच त्यावर टीकाही खूप झाली. पण माणूस जे लिहितो त्यातला काही भाग त्याच्या मनातला आणि काही भाग त्याला काय दाखविले गेले त्यातला, हे त्यातून दिसते. रात्रंदिवस भांडणेच समोर येत असतील तर शांत माणूसही चिडून लिहू लागतो. आमच्या गटात मागील निवडणुकीत हे सर्वांनी पाहिले आहे. नावे घेत नाही.

मग करायचे काय? अभ्यासिकेत आम्ही जे ठरविले ते लिहितो. शब्दांपेक्षा बदल पाहावा. रोज लिहिणारा एकदम थांबला, कधी न लिहिणारा रात्री तीनला लिहू लागला, फोटो काढून टाकून रिकामे वर्तुळ ठेवले, ग्रुप सोडले, पुस्तके वाटून टाकण्याविषयी लिहिले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहावयाची नाही. त्याच दिवशी त्याला भेटावयाचे. ग्रुपवर विचारावयाचे नाही, आईला फोन करावयाचा नाही, आधी त्यालाच विचारावयाचे. जगणे नकोसे वाटते काय, हे सरळ विचारले तर त्याच्या डोक्यात तो विचार नव्याने घातला जातो ही भीती खरी नाही, असे या क्षेत्रातील डॉक्टर सांगतात. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. तो विनाशुल्क आहे, दिवसरात्र चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक आता अभ्यासिकेच्या दारावर, पाण्याच्या माठाजवळ आणि हजेरीवहीच्या पुठ्ठ्यावर लावला आहे. मेसची थकबाकी तीन आठवड्यांहून अधिक झाली, की बाई थेट खजिनदारांना कळवितात. त्यासाठी एक छोटा निधी काढला आहे. कोणाचे बिल भरले ते वहीत लिहीत नाही.

ती मुलगी परत आली. तिच्या आईची व आमची चूक आम्ही तिच्यापुढे कबूल केली, तेव्हा ती म्हणाली, "सर, पुढच्या वेळी शेर वाचून झाल्यावर खालचे नावही वाचत जा. तो माझा नसतो." आता वर्षावासाच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन तीच करते. मुलाचे उपचार चालू आहेत, झोप परत आली आहे आणि अभ्यासही चालू आहे. स्टेटस मात्र त्याने बदललेले नाही. परवा रात्री पुन्हा एक विनोद होता, चहाच्या ग्लासाच्या फोटोसकट. आम्ही हसलो. मग फोन ठेवून खाली गेलो आणि मेसच्या बाईंना विचारले. जेवून गेला होता.